टेबलाच्या पायांखालची सहा पानं

टीव्हीवर एक चहाची जाहिरात लागली की मी उठून पाणी प्यायला जायचो. तहान लागलेली नसायची. जाहिरात तीस सेकंदांची होती आणि स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी पिऊन यायला तेवढाच वेळ लागायचा. "बसा हो, संपतेच आहे," बायको म्हणायची. तिला कारण ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती आवाज वाढवायची.

जाहिरातीत माणूस नव्हता. गजराचं घड्याळ वाजायचं, त्याच्या थरथरीनं एक गोटी घरंगळायची, गोटीमुळे पोळपाटावरचं लाटणं सुटायचं, लाटण्याच्या धक्क्यानं जाडजूड पुस्तकं एकामागून एक आडवी व्हायची, तांब्या कलायचा, त्यातलं पाणी वाटीत भरून वाटी खाली जायची, मग चहाचा डबा लांब टेबलावरून गडगडत जाऊन एका पळीवर आपटायचा आणि शेवटी किटली वाकून कपात चहा ओतायची. कपातून वाफ यायची. लोक टाळ्या वाजवायचे म्हणे, आपापल्या घरात बसून.

हे सगळं ज्यानं बनवलं तो आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. त्याच प्रयोगशाळेत मी प्राध्यापक होतो. मला त्याचा हेवा वाटायचा असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. मी जळत होतो. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा खोटं बोलण्यात काही फायदा उरलेला नाही.

तो पुण्याजवळच्या धायरीचा. तेव्हा मोबाइलला बटणं होती, खराडीला कामाला जातो म्हटलं तर आमच्या पेठेतले लोक "एवढ्या लांब?" म्हणून विचारायचे, आणि धायरी हे आमच्या लेखी अजून गावच होतं. त्याच्या घरच्या शेतावर इमारती उभ्या राहत होत्या. तो दहावी होऊन आमच्याकडे लागला आणि पंधरा वर्षं प्रयोगशाळेची कपाटं उघडायचा, भिंगं पुसायचा, लोलक टांगायचा, प्रॅक्टिकल संपलं की सगळं जागच्या जागी ठेवायचा. कमी बोलायचा. भाद्रपद आला की मात्र दहा-पंधरा दिवसांची रजा टाकायचा, कारण एका मंडळाच्या गणपतीचा हलता देखावा तो करायचा. राक्षसाची मान वळते, गरुडाचे पंख हलतात, रथाचं चाक रुततं, असले प्रकार. एकदा मी सहकुटुंब देखावे बघत असताना तो मांडवाच्या मागे मोटारीला पट्टा चढवताना दिसला आणि मंडळाची पोरं त्याला "मास्तर, मास्तर" म्हणत होती. मास्तर मी होतो. एम.एस्सी. पहिल्या वर्गात. मला त्या गर्दीत कुणी ओळखलंसुद्धा नाही.

जाहिरातवाली मुलगी आमच्या कॉलेजात आली ती माझ्याकडेच. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. पंचविशी-तिशीची असेल, जाहिराती दिग्दर्शित करायची. "सर, मला फिजिक्सवाला कुणीतरी हवाय," ती म्हणाली. "काँप्युटरवर नाही करायचं. रिअल करायचं. सिंगल शॉटमध्ये." मी तिला प्रयोगशाळेत बसवलं आणि खडू हातात घेतला. तिथेच चूक झाली असं बायको म्हणते.

मी तिला समजावून सांगितलं, आणि जे सांगितलं ते अचूक होतं. लोकांना वाटतं, पहिली वस्तू दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला, आणि तोच एक धक्का शेवटपर्यंत पोचतो. तसं असतं तर चौथ्या-पाचव्या पायरीलाच सगळं थंड पडलं असतं, कारण घर्षण आणि आवाज प्रत्येक ठिकाणी आपापला वाटा काढून घेतात. खरी ऊर्जा आधीच साठवलेली असते. उंचावर उभ्या केलेल्या पुस्तकात, ताणलेल्या रबरात, काठोकाठ भरलेल्या तांब्यात. आधीच्या वस्तूनं फक्त अडसर काढायचा. मग मी तिला संभाव्यतेचं गणित मांडून दाखवलं. पायऱ्या तीस असतील आणि प्रत्येक पायरी शंभरात पंच्याण्णव वेळा नीट चालत असेल, तर सगळी साखळी सलग चालण्याची शक्यता किती? मी पंच्याण्णव शतांशाचा तिसावा घात काढला. शंभरात एकवीस. "म्हणजे पाचात चार वेळा तुमची जाहिरात बंद पडणार," मी म्हणालो आणि खडू ठेवला.

त्या मुलीनं जांभई दाबली. मागे तो प्रिझम पुसत उभा होता. कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, "मॅडम, ढकलायचं नसतंय. वस्तू पडायलाच बसलेली ठेवायची. मागनं येणाऱ्यानं तिला नुसती आठवण करून द्यायची."

त्या मुलीनं मान वळवली. मी अर्धा तास जे सांगत होतो तेच त्यानं सांगितलं होतं, आणि मला ते लगेच कळलं, आणि तिला ते माझ्याकडून कळलेलं नव्हतं हेही कळलं.

"तुम्ही काय करता इथे?" तिनं विचारलं.

"मी हितंच असतो. पुसतो."

ती हसली. मग त्यानं काचेच्या सहा पट्ट्या, दोन लोलक आणि माझा डस्टर घेऊन दहा मिनिटांत टेबलावर काहीतरी उभं केलं. एका बोटानं लोलक सोडला, पट्ट्या पडत गेल्या आणि शेवटी डस्टर फळ्याच्या कडेवरून खाली पडला. माझ्या गणितावर खडूची धूळ उडाली. मुलीनं टाळ्या वाजवल्या. "परत करा," ती म्हणाली. त्यानं परत केलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा झालं.

काम त्याला मिळालं. प्राचार्यांनी रजा दिली. जाताना ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्हीपण या ना. फिजिक्स चेक करायला." त्या 'पण'वर मी रात्रभर कूस बदलत होतो.

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एक रिकामं गोदाम होतं, ते त्यांनी महिनाभरासाठी घेतलं होतं. आधी तिथे गूळ असायचा. भिंतींना अजून वास होता आणि डोंगळे गेलेले नव्हते. सायंकाळी कॉलेज सुटलं की मी तिकडे जायचो. कुणी बोलावत नव्हतं, पण 'तुम्हीपण या' हे आमंत्रणच होतं, नाही का? दारात यार्डातले दोन-तीन हमाल पाठीवरचं पोतं उतरवून बघत उभे असायचे. मीही उभा असायचो. फरक एवढाच की मी नाक मुरडून बघायचो.

मी सहा पानं गणित केलं होतं. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. कुठल्या पुस्तकाची उंची किती, ते पडताना पुढच्याला कुठे लागेल, लाटणं किती वेगानं उतरेल, पोकळ डबा आणि भरीव डबा एकाच उतारावर सोडले तर कोणता आधी पोचेल. आकृत्या पट्टीनं काढल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मी ती पानं त्याच्यापुढे धरली. त्याच्या हाताला फेव्हिकॉल लागला होता. "राहू द्या सर तुमच्याकडंच, हात खराब हायेत. मागनं बघतो," तो म्हणाला. मागून कधी बघितलं नाही. पानं माझ्या शर्टाच्या खिशात रोज येत-जात राहिली.

डब्याचा प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्यानं माझी झोप कायमची उडवली. कंपनीचा हट्ट होता की डबा त्यांचाच हवा आणि तो टेबलावरून गडगडत जायला हवा. मी म्हणालो, डब्यात चहाच भरा, वजन येईल, भरीव होईल, झपाट्यानं जाईल. पान क्रमांक चार. त्यानं मान डोलवली, अर्धा डबा चहा भरला आणि सोडला. डबा चार वीत गेला आणि सुस्तावून थांबला. पुन्हा सोडला, पुन्हा थांबला. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"आतली भुकटी घुसळती, सर," तो हळूच म्हणाला. जणू माझी चूक इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून. "डबा पुढं जायाला बघतो, भुकटी मागं पडती. आपल्यातच भांडत बसतो तो. मंडळात राक्षसाचं मुंडकं गडगडवायचं होतं तेव्हा भुसा भरून आमची अशीच गोची झाली होती." मग त्यानं डब्यात प्लास्टर ओतलं, दाबून, काठोकाठ. वाळल्यावर डबा टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेला. त्यानं तसे तीन भरून ठेवले, एक वापरायला आणि दोन असू देत म्हणून.

त्याचं स्पष्टीकरण बरोबर होतं. सुटी भुकटी आतल्या आत घासून ऊर्जा खाते. मला हे माहीत होतं. मी हे परीक्षेत विचारू शकलो असतो. फक्त मला ते वेळेवर सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी स्वारगेटपर्यंत चालत आलो आणि वाटेत एक भयंकर विचार मनात आला. इतकी वर्षं माझ्या विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल्स चोख व्हायची, बाहेरून येणारे परीक्षक माझं कौतुक करायचे. आदल्या दिवशी सगळी उपकरणं लावून ठेवणारा तोच होता. मग ते कौतुक कुणाचं होतं?

चित्रीकरणाचे तीन दिवस ठरले होते. पहिल्या दिवशी दिव्यांच्या उष्णतेनं वस्तू जागी चिकटवायला लावलेलं मेण वितळलं, दुसऱ्या दिवशी किटलीची दोरी तुटली. तिसरा दिवस शेवटचा. कंपनीच्या लोकांनी त्या मुलीला बजावलं होतं की आज झालं नाही तर उद्यापासून हेच काँप्युटरवर करायचं आणि गोदाम सोडायचं. त्याला ते कळलं होतं. सकाळपासून त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता. दुपारपर्यंत सगळं दुरुस्त झालं आणि जेवायची सुट्टी झाली. सगळी मंडळी बाहेर पंगत मांडून बसली. त्यांच्या त्या जेवणाचं मला कुणी विचारलं नाही. खरं तर विचारलं होतं, पण "मी डबा आणलाय" असं मीच तुटकपणे म्हणालो होतो.

गोदामात मी एकटा राहिलो, आणि ते यंत्र.

माझ्या पिशवीत कायम एक स्पिरिट लेव्हल असते. प्रयोगशाळेत माझं एक वाक्य प्रसिद्ध होतं: आधी लेव्हल, मग रीडिंग. तीस वर्षांत हजारो मुलांना मी हे म्हणायला लावलं असेल. टेबल समपातळीत नसेल तर पुढचं सगळं वाचन कचऱ्याच्या टोपलीत. मी लेव्हल काढली आणि डबा ज्यावरून गडगडायचा त्या सहा फुटी टेबलावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण शुद्ध आनंद झाला. टेबल कललेलं होतं. गोदामाची फरशीच दाराकडे उतरती होती, धुतल्यावर पाणी निघून जावं म्हणून, आणि या गृहस्थानं टेबल तसंच त्या उतारावर ठेवून दिलं होतं. पहिल्या वर्षाचा पोरगा करणार नाही अशी चूक. मी इकडेतिकडे बघितलं. यंत्र लावलेलं नव्हतं, डबा बाजूला होता. खाली सारायला लाकडाची चिप्पी मिळेना. मग मी खिशातली सहा पानं काढली, घडीवर घडी घातली आणि उताराकडच्या दोन्ही पायांखाली तीन-तीन सरकवली. बुडबुडा मध्यभागी आला.

त्याचं वाईट व्हावं असं तेव्हा माझ्या मनात नव्हतं. यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो. माझ्या मनात असं होतं की शॉट होईल, सगळे टाळ्या वाजवतील आणि मग मी सहज म्हणेन, "टेबल मी लेव्हल करून घेतलं होतं बरं का." त्या यंत्रात माझं काहीतरी असावं, एवढंच मला हवं होतं.

जेवणानंतर शॉट सुरू झाला. घड्याळ वाजलं, गोटी गेली, लाटणं, पुस्तकं, तांब्या, वाटी, सगळं सुरळीत. डबा निघाला. टेबलाच्या तीन-चतुर्थांश भागापर्यंत ऐटीत गेला, मग मंदावला आणि पळीच्या चार बोटं अलीकडे थांबला.

त्याच क्षणी मला कळलं. तो उतार चूक नव्हती. उतार त्यानं हिशेबात धरला होता. मंडळाचा मांडव रस्त्यावर असतो आणि पुण्यात रस्ता कधी सपाट नसतो, तेव्हा जमीन जशी आहे तशी धरूनच तो आयुष्यभर काम करत आला होता. त्या डब्याला शेवटच्या दोन फुटांत जी ऊर्जा लागत होती ती त्या फरशीच्या कलात साठवलेली होती, आणि ती मी काढून घेतली होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. "थांबा, मी टेबल हलवलंय," एवढंच वाक्य. मी ते तोंडात जुळवलंही. पण समोर तो उभा होता, सगळ्यांसमोर पहिल्यांदाच गोंधळलेला, आणि माझ्या आत कुठेतरी बरं वाटत होतं.

दुसरा प्रयत्न. डबा तीन बोटं अलीकडे. तिसऱ्यांदा पळीला जेमतेम टेकला, पळी हललीच नाही. तो डबा हातात घेऊन कानाशी हलवून बघत होता. मग माझ्याकडे आला.

"सर, प्लास्टर आतून ओलं राहिलं असंल का? त्या चहावानी आत हलत असंल. डबा जड चालतोय."

पंधरा वर्षांत त्यानं मला भौतिकशास्त्राचा विचारलेला हा पहिला प्रश्न. मी चष्मा काढून पुसला.

"शक्य आहे," मी म्हणालो.

शास्त्रज्ञाचं उत्तर होतं ते. शक्य तर काहीही असतं. त्यानं 'बरं' म्हणून मान हलवली, डबा बाहेर नेला आणि हातोडीनं फोडला. आतलं प्लास्टर दगडासारखं कोरडं होतं. त्यानं ते पांढरे तुकडे हातात घेऊन बोटांनी चुरून बघितले, एकेक, आणि मी ते दारातून बघत होतो. दुसरा डबा लावला. तोही अलीकडेच थांबला. ऊन कलायला लागलं होतं. ती मुलगी कोपऱ्यात फोनवर बोलत होती आणि त्यातले 'उद्यापासून' आणि 'काँप्युटर' हे शब्द सगळ्यांना ऐकू येत होते.

"मास्तर, सोडून द्या आता," दिवेवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं. तिथेही तो मास्तर झाला होता.

त्यानं तांब्या पुन्हा भरायला घेतला, आणि घाईत थोडं पाणी टेबलावर सांडलं. तो फडकं घ्यायला वळला आणि वळता वळता थांबला. सांडलेलं पाणी टेबलावर जागच्या जागी बसून होतं. महिनाभर ते दाराच्या दिशेनं ओघळत आलं होतं.

तो खाली वाकला, टेबलाखाली गेला. मी दाराकडे निघालो होतो, तो वळून बघत थांबलो. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागदांच्या जाड घड्या होत्या. त्यानं एक घडी उलगडली. माझ्या पट्टीनं काढलेल्या आकृत्या, माझी लाल शाई. प्रयोगशाळेच्या प्रत्येक कपाटावर उपकरणांची यादी माझ्याच अक्षरात चिकटवलेली होती, तो ते अक्षर रोज बघत होता. त्यानं मान वर केली नाही. माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. सहाही पानं नीट एकत्र केली आणि आपल्या शर्टाच्या खिशात घातली.

"काय होतं?" त्या मुलीनं फोन बाजूला धरून विचारलं.

"लेव्हल बदलली होती, मॅडम. माझं चुकलं. जेवून आल्यावर बघायला पायजे होती. सरांनी शिकवलेलं हाय तसं, आधी लेव्हल."

पुढचा शॉट पूर्ण झाला. किटली वाकली, चहा कपात पडला. गोदामात एकच गलका झाला, दारातल्या हमालांनीसुद्धा आरोळी ठोकली. मी टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर माणूस देवापेक्षा बायकोपुढे कबुली देणं पसंत करतो, निकाल तरी लगेच लागतो. ती पोळ्या लाटत होती. "नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही अंगण सरळ करून दुसऱ्याचा नाच मोडायला गेलात." मग लाटणं थांबवून म्हणाली, "उद्या त्याला सांगा. आपणहून."

मी सांगितलं नाही. सोमवारी तो कामावर हजर झाला, कपाटं उघडली, लोलक टांगले. "नमस्कार सर," म्हणाला, नेहमीसारखा. मी वाट बघत होतो की आता तो बोलेल, आता बोलेल. त्या कागदांचं त्यानं काय केलं असेल, याशिवाय मला दुसरं काही सुचेना. प्राचार्यांना दाखवले असतील का? स्टाफरूममध्ये कुणी हसलं की मला वाटायचं, गेले, पोचले कागद. दोन महिन्यांनी जाहिरात टीव्हीवर आली आणि मी माठाकडे जायला लागलो.

मग सत्काराची गोष्ट निघाली. आपल्याकडे काही चांगलं घडलं की कुणाला तरी शाल घातल्याशिवाय ते घडलं असं वाटत नाही. प्राचार्यांनी त्याला बोलावून विचारलं, हे सगळं कसं जमवलंस? तो म्हणाला, "गणित सरांचं होतं." हे मला प्राचार्यांनीच कौतुकानं सांगितलं. नोटीस लागली: भौतिकशास्त्र विभागाच्या मार्गदर्शनाखाली, वगैरे, वगैरे. सत्कारमूर्ती मी. मी एकदा म्हणालो, "अहो, त्याचंही नाव घाला." प्राचार्य म्हणाले, "घेऊ ना भाषणात उल्लेख." त्याहून जास्त आग्रह मी केला नाही, हे मला पक्कं आठवतं.

सभागृहात दीडशे माणसं होती. खुर्चीत मी, शेजारी प्राचार्य. शाल-श्रीफळाचं तबक आणायचं काम कुणाचं? कॉलेजच्या प्रत्येक समारंभात ते ज्याचं असायचं त्याचंच. तो तबक घेऊन पायऱ्या चढून आला. तबकात नारळ होता, खाली तांदूळ नाहीत की काही नाही, गुळगुळीत पितळेवर नुसता नारळ, आणि तो इतक्या संथपणे चालत आला की नारळ तसूभर हलला नाही. शाल माझ्या खांद्यावर पडली. प्राचार्य भाषणात त्याचा उल्लेख करायला विसरले. खोटं कशाला, ते पुढे सरकले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर मी प्रयोगशाळेत गेलो. तो तबक पुसत होता. मी शाल त्याच्यापुढे धरली. अंगठ्यानं शालीची किनार मी इतकी चुरगळली होती की ती घामानं ओली झाली होती.

"ही तुझी आहे," मी म्हणालो. "ते टेबल... तेव्हा ते मी..."

त्यानं तबक कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं.

"शाल ठेवा सर तुम्ही. थंडी हाय," तो म्हणाला. "माझ्याकडं तुमचे कागद हायेत. घरी चांगले जपून ठेवलेत."

"कशाला?"

"वाचले मी. पोकळ डब्याचं आणि भरीव डब्याचं ते पहिल्यांदा समजलं. आधी नुसतं हाताला कळत होतं." मग किल्ल्या माझ्या हातात देत म्हणाला, "लय चांगलं लिहिलंय तुम्ही. पायाखाली घालायला नको होतं."

चार महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली. पुढे त्यानं अशी कितीतरी यंत्रं केली, मोठमोठ्या जाहिरातींसाठी, आणि दर वेळी कुणीतरी ओळखीचं मला फोन करून सांगायचं. त्याचं नाव झालं, गाडी आली, धायरीला घर झालं. त्याचा हेवा मला वाटला, पण तो सवयीचा झाला.

जो सवयीचा होत नाही तो हेवा वेगळा आहे. माझ्याविरुद्धचा पुरावा, माझ्याच अक्षरातला, त्याच्या घरात आहे आणि इतक्या वर्षांत त्यानं तो एकाही माणसाला दाखवला नाही. त्याच्या जागी मी असतो तर तो पुरावा दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूमच्या टेबलावर असता.